पेट्रोल कुठे जातं

१२ मे
दूध आणायला निघालो तेव्हाच कोपऱ्यावरच्या पंपावर टायरची हवा पाहिली. टायर थंड असतानाच बघायला हवी. गाडी तासभर पळून आली की हवा तापून काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो आणि कमी हवेचा टायरही ठीक वाटतो. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "काका, सगळ्यांना पस्तीसच टाकतो." त्याला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर दाखवला : ३३. पुढचा डावा टायर २६ वर निघाला, डोळ्यांना मात्र अजिबात बसलेला दिसत नव्हता. असा टायर दर फेऱ्याला जास्त चेपतो, तापतो. ती उष्णता पेट्रोलमधूनच येते. स्टेपनीतही हवा भरून घेतली.

१५ मे
टाकी फुल केली. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, वरून दाबून भरलं की हिशोब बिघडतो. ट्रिप मीटर शून्यावर आणला. पुढच्या वेळी याच पंपावर अशीच भरायची आणि किलोमीटरला लागलेल्या लिटरनी भागायचं. डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा माझा या भागाकारावर विश्वास आहे. रांगेतले एक गृहस्थ वीस टक्के इथेनॉलवर चिडले होते. त्यांची चीड रास्त आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. पंपावर काय मिळावं हे आपण ठरवत नाही. टायर, ब्रेक आणि उजवा पाय तरी आपले आहेत.

२४ मे
ताम्हिणीतून माणगावकडे. पुढची गाडी न्यूट्रलवर उतरत होती. दर वळणाला ब्रेकचे दिवे, आणि खिडकीतून जळक्या लायनरचा वास. न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पार बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते पाजावंच लागतं. वर गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापून निकामी झाले तर पुढे दरी आहे. हे बघून मला खरोखर भीती वाटते. मी दुसऱ्या गिअरवर उतरलो. लेकीला स्क्रीनवरची त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी दाखवली, ती टोकाला जाऊन टेकली होती.
"बाबा, म्हणजे आत्ता फुकट चाललोय?"
"परत येताना हाच घाट चढायचाय."

२९ मे
एअर फिल्टर बदलला. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी देतो, त्यामुळे याने ॲव्हरेज फारसं वाढत नाही. गाडी ओढते मात्र छान.

६ जून
मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक हाताने फिरवलं तर गरगर फिरत राहिलं, उजवं अर्ध्या फेऱ्यात अडलं. ड्रमजवळ हात नेला तर धग लागली. हँडब्रेकची केबल गंजून ताणलेलीच राहत होती, म्हणजे गाडी सतत थोडा ब्रेक लावूनच पळत होती. नवी केबल टाकली. सर्व्हिसिंगला गाडी दिली की चारही चाकं अशी फिरवून दाखवायला सांगावीत, याला पैसे पडत नाहीत.

९ जून
लेक शिकते आहे. सिग्नल लांबून लाल दिसला की तिथेच पाय उचलायला सांगतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. आज दोनदा आम्ही पोचेपर्यंत हिरवा लागला आणि पहिला गिअर टाकावाच लागला नाही. हायवेला तिला ८० च्या वर जाऊ देणार नाही. १०० ला हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. छतावरचा रिकामा कॅरिअर रविवारी काढायचा आहे, दहाचा पाना शेजाऱ्यांकडून आणायला हवा.