कोरड्या मुलखात चार दिवस

आमच्या घरात प्रवासाची कारणं ठरलेली आहेत. लग्न, मय्यत, अकीका, नाहीतर दवाखाना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको गाडीत गादी टाकून निघालो, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुणाचं लग्न नाही, कुणाची मय्यत नाही, मग निघालात कुठे?"

प्रश्न रास्त होता. संसाराच्या बावीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. परदेशात जोडपी मोटारघर घेऊन वाळवंटातली उद्यानं आणि दऱ्या हिंडतात. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. आमचं मोटारघर म्हणजे जुनी व्हॅन. मागची सीट दुमडून त्यावर फळी, फळीवर गादी, खाली पाण्याचे दोन कॅन, स्टोव्ह, चादरी आणि जानमाज. कामणला पाऊस इतका पडतो की जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत. म्हणून मुद्दाम कोरडा मुलूख निवडला : निघोज, रेहेकुरी, नान्नज आणि नळदुर्ग.

भिवंडी, कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढलो आणि रंग बदलला. मागे हिरवं कोकण, पुढे पिवळं गवत. आळेफाट्याहून पुढे पारनेर तालुक्यात निघोज लागतं. इथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. मी ते सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "कामण-भिवंडी रस्त्यावर खड्डे कमी आहेत का, की पाहायला इतक्या लांब जायचं?"

पण काठावर उभे राहिले आणि गप्प झाले. काळ्या कातळात नदीने अरुंद, खोल घळ कोरली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकाला एक लागून खळगे, काही घागरीएवढे, काही माणूस सहज मावेल असे. पुरात वाहत आलेले दगडगोटे कातळाच्या खोलगट जागी अडकतात आणि भोवऱ्यात गरगर फिरत राहतात. फिरता फिरता ते खडकही घासतात आणि स्वतःही गुळगुळीत होतात. हजारो वर्षं हेच चालू आहे. बेसाल्टसारखा कठीण दगड पाण्याने एकट्याने नव्हे, दगडानेच कोरला, हे मी वर्गात शिकवते. हात लावून मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी गाठलं. आमच्या मागचं तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. रेहेकुरी अवघं २.१७. १९८० साली काळविटांसाठी ते राखलं गेलं. बोरी-बाभळी, कुसळी गवत आणि मोकळं आभाळ. सूर्य वर येण्याआधी पोहोचलो म्हणून कळप दिसला. बदामी रंगाच्या माद्या चरत होत्या आणि पिळदार शिंगांचा काळा नर मान ताठ करून आमच्याकडे पाहत होता. अर्धा तास आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. घरीही कधी कधी बोलत नाही, पण ते गप्प बसणं वेगळं असतं.

तिथून करमाळ्यामार्गे सोलापूर आणि बार्शी रस्त्यावरचं नान्नज. इथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांमधला सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक; नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे त्याला झाड नको, डोंगर नको, फक्त मोकळा माळ हवा. तोच राहिला नाही. पाणी आलं, ऊस आला, माळ नांगरले गेले. वर विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, वळायलाही वेळ लागतो, तो तारांवर आदळतो. आता देशात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला त्याचं दर्शन दुर्मीळ झालं आहे. आम्हालाही दिसला नाही.

पण दोष कुणाला देणार? ज्या शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही चहा प्यायलो, त्याच्या आजोबांनी दुष्काळात गाव सोडलं होतं. उसाने त्याच्या मुलींना शाळेत पाठवलं. पक्षी हवा आणि मुलींची शाळाही हवी, हे दोन्ही खरं आहे. खोट आहे ती माळाला "पडीक" म्हणण्यात. ज्या जमिनीवर पीक नाही ती रिकामी, हा हिशेब आपण फार सहज मांडतो. आमच्या कामणमध्येही भातखाचरावर मुरूम टाकून गोदाम उभं करताना हाच शब्द वापरतात.

शेवटचा मुक्काम नळदुर्ग, सोलापूरहून हैदराबाद रस्त्यावर साधारण पन्नास किलोमीटर. कमी पावसाच्या मुलखात पाण्याची कदर कशी केली, हे इथे दिसतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली की नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या दालनात बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धबधबे थांबले होते. त्या शांत दालनात उभं राहिल्यावर जाणवलं, पाणी अडवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहत बसायची जागाही ठेवली होती. आमच्या मुलांना आदिलशाही म्हणजे लढायांच्या सनावळ्या माहीत आहेत. हा बंधारा त्यांनी पाहायला हवा.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. धबधबे पाहायचे तर नळदुर्गला पावसाळ्यात जावं. निघोजला कातळ निसरडा असतो. पाणी असताना मुलांना काठावर सोडू नका. रात्री गाडी रस्त्याच्या कडेला लावू नका. आम्ही एकदा पेट्रोल पंपावर आणि दोनदा विचारून मशिदीच्या आवारात लावली. तिथे वुजूचं पाणी आणि शौचालय दोन्हीची सोय झाली, अल्हम्दुलिल्लाह. बहिणींनी हे आधी विचारून घ्यावं. पहिल्या दोन दिवसांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका खिमा घरूनच नेला होता. सोलापुरात हलाल खाणावळी आहेत, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणी तर घरी न्यायला घ्याच.

जमिनीवर फिरा आणि पाहा, असं आवाहन कुरआनात वारंवार आलं आहे. आपण ते हज-उमऱ्यापुरतं किंवा पोटापाण्याच्या प्रवासापुरतं धरतो. घरातल्या बाईला तर कारण दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. पाहणं हेच कारण पुरेसं आहे, असं मला या चार दिवसांनंतर वाटतं. खर्च फार नाही. डिझेल, टोल, चहा. मुलं मोठी झाली असतील तर वर्षातून एकदा दोघांनीच निघावं, आणि मुलं लहान असतील तर त्यांना घेऊन. माळावर पाहण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला पहाटे रेहेकुरीला न्यावं.