पहुरांतील पाहुणे

पहूर हें गांव नकाशांत एक दिसतें. प्रत्यक्षांत तीं दोन आहेत. वाघूर नदीच्या एका अंगास पेठ, दुसऱ्या अंगास कसबे. जळगांवाहून अजिंठ्याच्या लेण्यांस जाणारे असंख्य प्रवासी येथें चहापुरते थांबतात व पुढें निघतात. आम्ही सेवानिवृत्तीनंतर येथेंच राहिलों. आणि मे महिन्यांत पुण्याहून चिरंजीवांचीं मुलें आलीं म्हणजे हें गांव आम्हांस दरवर्षीं नव्यानें समजतें.

२०१९ सालीं नात सात वर्षांची व नातू चार वर्षांचा होता. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी तेव्हां चालू होती. हा सारा मार्ग सुमारें ५६ किलोमीटरांचा. वाटेंत शेंदुर्णी व मग आमचें पहूर. मुलांना आणावयास आम्ही पाचोऱ्यास गेलों. मोठ्या गाडींतून उतरून ही गाडी पाहतांच नातवानें विचारिलें, "आजोबा, हिची आई कुठें गेली?" आई नुकतीच भुसावळकडे निघून गेली होती, पण तसें सांगतांच त्यानें गळा काढला असता, म्हणून आम्ही मौन पत्करिलें.

खरा प्रसंग तिकिटाच्या खिडकीशीं उद्भवला. नातीला अर्धें तिकीट मिळालें. पांच वर्षांखालील मुलास तें लागत नाहीं. नातवाचा ओठ थरथरूं लागला. "म्हणजे मी गाडींत नाहीं का?" न्यायशास्त्रांत याला काय उत्तर आहे, याचा आम्ही अजून विचार करीत आहों. नात मोठी उदार! आपल्या अर्ध्यांतलें अर्धें फाडून द्यावयास ती निघाली, तेव्हां तिकीट आम्हांस खिशांत घालून वाचवावें लागलें. (ती गाडी मार्च २०२० मध्यें टाळेबंदींत थांबली, व पुढें तो मार्ग रुंद करण्याचें ठरलें. 'ती मोठी झाली' हें उत्तर नातवानें विनातक्रार मान्य केलें आहे.)

उन्हाळ्यांत वाघूर म्हणजे वाळू व चार डबकीं. तरी नातू पाण्यांत पाऊल घालीना. नदीच्या नांवांत वाघ आहे, हें त्यानें स्वतःच शोधून काढिलें होतें. नातीनें त्याची समजूत काढिली, "अरे, वाघ वरती राहतो. इथें फक्त त्याचें नांव वाहत येतें." चाळीस वर्षें व्याकरण शिकवून आम्हांस इतकें सुटसुटीत स्पष्टीकरण कधीं साधलें नाहीं.

नदी 'वरती' कोठून येते हें दाखवावें म्हणून आम्ही त्यांना अजिंठ्यास नेलें. याच वाघुरेच्या वळणावर तीं लेणीं कोरिलेलीं आहेत. सतराव्या लेण्यांत विश्वंतर जातकाचीं चित्रें आहेत. आर्यशूराच्या 'जातकमालें'त ही कथा संस्कृतांत असल्यामुळें आम्हांस मोठा उत्साह आला. दानशूर राजपुत्र, यानें हत्ती दिला, रथ दिला, आणि शेवटीं जूजक नांवाच्या ब्राह्मणास आपलीं दोन लेंकरें देखील देऊन टाकिलीं! दानपारमितेचा महिमा आम्ही सांगूं लागणार, तोंच नातीनें विचारिलें,

"त्यानें मुलांना आधीं विचारलें होतें का?"

आम्ही थबकलों. जवळचे एक गृहस्थ हंसले. त्यांच्या कडेवर मूल नव्हतें. नातवानें आमचें बोट घट्ट धरिलें होतें. मग पुढची कथा आम्ही जरा घाईनेंच सांगितली: जूजक त्या मुलांना घेऊन राजधानींत आला, आणि त्यांच्या आजोबांनीं, संजय राजानें, द्रव्य मोजून त्यांना सोडविलें.

"आजोबांनीं?"

"आजोबांनीं."

बोटावरची पकड सैल झाली. परतीच्या वाटेवर फर्दापूर येईपर्यंत दोघेंही गप्प होतीं. आम्हांस वाटलें, प्रकरण मिटलें.

रात्रीं ओसरीवर निजानीज होत असतां नातीनें हळूच विचारिलें, "आजोबा, पेन्शनींत सोनें येतें का?" नाहीं, म्हणालों, आणि तें खरेंच होतें. तिनें भावाशीं कांहीं कुजबुज केली. सकाळीं आमच्या चष्म्याच्या घरांत सतरा रुपये, एक शिंपला व एक पितळी बटण निघालें. मुलांच्या आजीनें चौकशी केली, तेव्हां नातू म्हणाला, "राहूं द्या. तो दाढीवाला आला तर लागतील."

तें बटण आमच्याच कोटाचें होतें. तें अद्याप शिवलेलें नाहीं.