दाते खाली गेल्यावर

जयपूरच्या रजईची परीक्षा आधी तळहातावर होते. हवामहलाजवळच्या दुकानांत रजयांची मापं आतल्या कापसाच्या वजनावर सांगतात आणि पाव किलोची रजई हातावर ठेवली की ती आहे की नाही असं वाटतं. तरी इथली जानेवारीतली रात्र तिच्यात निभावते. ऊब वजनातून येत नाही. ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून येते. म्हणून कापूस पुन्हापुन्हा पिंजतात, मलमलीच्या किंवा व्हॉइलच्या खोळीत पसरतात, बारीक काठीने झोडून सगळीकडे सारखा करतात आणि मग बायका लांब सुईने त्यात दोरे घालतात. टाके दूरदूर आणि सैल असतात. कापूस जागेवर राहावा एवढाच त्यांचा आग्रह असतो. आवळला तर हवा निघून जाईल आणि हवेबरोबर ऊबही.

मी गोधडीच्या मुलखातून आलेली. आमच्याकडे जुन्या नऊवारीवर धोतर, धोतरावर आणखी एखादं लुगडं, असे थर लावतात आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जातात. तिथला टाका दाट असतो, कारण झिजलेल्या कापडांना एकमेकांच्या आधाराने पुन्हा उभं करायचं असतं. धुऊन, वापरून गोधडी मऊ होते आणि टाक्यांच्या ओळींमध्ये कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. रजई हवा जपते, गोधडी जुनं कापड जपते. दोन्हींत टाका किती दाट घालायचा हे कापड आणि थंडी ठरवतात.

जयपुरात राहायला लागल्यापासून मी या दोन पांघरुणांच्या मधे कुठेतरी काम करते आहे. वर सांगानेरचं छापील कापड, मधे कापसाचा तयार थर, खाली साधं सुती अस्तर आणि या तिन्हींतून शिलाई मशीनने हवी तशी रेघ फिरवायची. या कामाला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. त्यासाठी मशीन कोणतं घ्यावं, असं मैत्रिणी विचारतात. खरेदीच्या या प्रश्नाचं उत्तर हात, डोळा आणि उसंत यांच्याबद्दल बोलल्याशिवाय देता येत नाही.

साध्या शिलाईत सुईखालच्या पट्टीतून वर डोकावणारे दाते कापड मागे सरकवतात आणि वरचा पाय ते दाबून धरतो. टाका केवढा आणि रेघ कुठे, हे यंत्र ठरवतं. टोकाशी भोक असलेली सुई आणि शटलचा दुसरा धागा यांची गाठ घालणाऱ्या यंत्राचं पेटंट एलायस हाऊने १८४६ मध्ये घेतलं. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याचं मशीन घरोघर गेलं. यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केला. बायकोचे कष्ट हलके करावेत या मायेतून सिंगरने ते घडवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. हा अपवाद मला फार मोलाचा वाटतो. यंत्राचा न्याय ते कुणाचे श्रम वाचवतं आणि कुणाचा हात शाबूत ठेवतं यावर व्हावा, ही कसोटी त्यात आहे.

फ्री मोशनच्या कामात यंत्राला त्याचं एक काम सोडायला लावायचं असतं. दाते खाली घ्यायचे. नेहमीच्या पायाच्या जागी रफूचा पाय लावायचा. सुई वर गेली की तो उचलला जातो आणि तेवढ्या क्षणात कापड मोकळं होतं. आता ते पुढे, मागे, आडवं, तिरपं, कसंही नेता येतं. इंचाला १० टाके हवे असतील आणि मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल, तर हाताने सेकंदाला बरोबर १ इंच चाललं पाहिजे. हात रेंगाळला की टाके दाटतात, हात धावला की लांबतात. तबलजीने ठेका धरावा आणि गाणाऱ्याने त्यावर मोकळेपणी फिरत घ्यावी, तसं मशीन चालवणाऱ्या पायाचं आणि हाताचं नातं इथे जुळावं लागतं.

हे हाताचंच काम आहे, हे जगाने मान्य करायला वेळ लागला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पडूका इथे भरणाऱ्या क्विल्टच्या मोठ्या प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळाला होता आणि हातशिलाईच्या चाहत्यांना तो रुचला नाही. त्यांची हळहळ मला कळते. पण दाते खाली गेलेल्या मशीनवर ज्याने एकदा काम केलं, त्याला हेही कळतं की तिथली प्रत्येक रेघ माणसाच्या मनगटातून आलेली असते.

म्हणून मशीन पाहताना मी सगळ्यात आधी जागा पाहते, सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची. घरगुती मशीनमध्ये ती साधारण ६-७ इंच असते. ६० इंच रुंदीचं पांघरूण मधोमध शिवायचं म्हणजे त्याचा ३० इंचांचा भाग गुंडाळून एवढ्या फटीत कोंबायचा. तिथे हात अडला की रेघ अडते. ९-११ इंचांची जागा मिळाली तर खांदे आभार मानतात. मशीनभोवती सपाट टेबल असावं, कारण लोंबणारं पांघरूण आपल्या भाराने सुईखालचं कापड ओढत राहतं.

मग दाते. ते खाली घ्यायची कळ आहे का, हे विचारावं. नसेल तर त्यांच्यावर बसवायची पातळ पट्टी मिळते. थांबताना सुई खालीच राहण्याची सोय असावी, म्हणजे हात दुसरीकडे धरेपर्यंत कापड जागचं हलत नाही. वेग आपल्या ताब्यात राहावा. शेकडो नक्ष्यांची यादी या कामाला नको. एक चांगली सरळ टीप पुरते. सांगानेर आणि सीतापुऱ्यातल्या कारखान्यांत जी टेबलमशीन असतात, ज्यांना लोक सरसकट जुकी म्हणतात, त्यांच्यात जागा ऐसपैस असते. पण ती मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांसाठी घडवलेली आणि दाते सहसा कायमचे वर असलेली. त्या वेगाला घरातला शिकाऊ हात पुरा पडत नाही. उलट घरात जुनं काळं पायमशीन असेल तर ते मोडीत काढू नये. रफूचा पाय आणि दात्यांवरची पट्टी जमली, की पायाच्या लयीने ते इतकं सावकाश चालतं की हाताला विचार करायला वेळ मिळतो.

दुकानात जाताना आपला तिपदरी तुकडा बरोबर न्यावा. दुकानदाराच्या कडक कापडावर कुठलंही मशीन सुरेख चालतं. आपल्या तुकड्यावर लहान वळणं घ्यावीत आणि तुकडा उलटा करून पाहावा. वळणावर खालचा धागा सरळ ताणलेला आणि वरच्याचे फास त्यावर उभे दिसले, तर ताण जुळलेला नाही किंवा हात घाईत आहे. इथली धूळ आणि कापसाची तुसं बॉबिनखाली साचतात, म्हणून तो भाग सहज उघडता आला पाहिजे. शिवाय मशीनची नस ओळखणारा मिस्त्री गावातच हवा. परकोट्यातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्लीत माझं मशीन पाहणारे म्हातारे मिस्त्री नवं मशीन घ्यायला निघालेल्यांना एवढंच म्हणतात, ‘‘पहले हाथ ठहराओ, फिर मशीन बदलो.’’

हात स्थिरावायला इथल्या नक्षीदार कापडासारखा गुरू नाही. सांगानेरच्या पांढऱ्या जमिनीवर नाजूक बुटी असते. तिच्या कडेने सुई नेत गेलं की ठसा कोरणाऱ्याची रेघ आपल्या मनगटात उतरू लागते. बगरूच्या दाबू छपाईचे आकार जाड आणि ठसठशीत, ते सुरुवातीला सांभाळून घेतात. लहरियाच्या तिरप्या लाटा वेग शिकवतात. नक्षी आधी दुसऱ्याची असते. कितीतरी तुकड्यांनंतर कधीतरी कोऱ्या कापडावर आपली रेघ येते.

या शहरात राहून एक गोष्ट मी पाळते. मोकळ्या पिंजलेल्या कापसाच्या रजईवर मी मशीन चालवत नाही. तो कापूस मशीनच्या पायाखाली सरकतो, त्याचे गोळे होतात आणि दाट टिपेखाली हवा चेपून तो आपला गुण गमावतो. तिथे लांब सुई आणि सैल दोराच योग्य, आणि तो घालणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पुरे पैसे देणंही. मशीनसाठी तंतू धरून ठेवणारा तयार थर घ्यावा. यंत्र निवडण्यात ते कुठे वापरायचं नाही याचीही निवड येते.

तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं असं: सरळ टीप चांगली देणारं, दाते खाली घेऊ देणारं, उजव्या हाताला परवडेल तेवढी जास्त जागा ठेवणारं आणि जवळच दुरुस्त होणारं मशीन घ्या. यापेक्षा जास्त पैसे उरले तर ते कापडात घाला, हाताने छापणाऱ्यांकडून घेतलेल्या कापडात. आणि रोज थोडा वेळ बसा.