गलबतातला पावशेर

नातू घरी आला की आजोबांनी दोन गोष्टी कबूल करू नयेत. एक, आपल्याला पोहता येतं आणि दुसरी, आपल्याला सुतारकाम येतं. मी दोन्ही कबूल करून बसलो, तेही पहिल्याच दिवशी, चहा व्हायच्या आत.

मे महिन्यात चिरंजीव डोंबिवलीहून रोह्याला आले आणि तिसऱ्या दिवशी आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं दीड फुटी गलबत तयार झालं. डोलकाठीला बांबूची कामटी, शिडाला माझा जुना पायजमा. टबात सोडल्याबरोबर ते माझ्याकडे किंचित झुकलं. मला वाटलं, कर्त्याला नमस्कार करतंय. पण ते झुकतच गेलं आणि आडवं झालं.

नदीवर एका जुन्या कोळीदादांना दाखवलं. त्यांनी ते हातात उलटसुलट केलं आणि विचारलं, "नीरम कुठाय?" रिकामं गलबत वाऱ्यात उलथू नये म्हणून तळाशी दगड, वाळू भरतात, ते नीरम. माझ्या गलबतात पायजम्याखेरीज काहीच नव्हतं.

झालं, घरात नीरमावर परिसंवाद सुरू झाला. नातवाने कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं सांगितलं की, १६२८ साली स्वीडनच्या राजाचं 'वासा' नावाचं जहाज पहिल्याच सफरीत, जेमतेम १३०० मीटर जाऊन स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. वर तोफांचा भार फार, खाली दगड कमी. मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या राजाचं बुडालं, तर पायजम्याचं काय घेऊन बसलात!

पेणचा मेहुणा म्हणाला, "शाडू भर." पेणकराला जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शाडूत सापडतं. भरली. गलबताचं भाद्रपदाआधीच विसर्जन झालं. वाळू घातली, ती गलबत कलेल त्या बाजूला धावे, म्हणजे पडणाऱ्याला आणखी धक्का. (असे लोक आमच्या आळीतही आहेत.) नदीतले गोटे बसले, पण दगड पाण्याच्या पावणेतीन पट जड, म्हणजे वजन हवं तर ढीग हवा, आणि ढीग वर आला की भार वर आला. शिसं अकरा पट जड. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्यासुद्धा. सौ.ने त्या तशाच परत पाठवल्या. "अहो, विषारी असतं ते. पोराचे हात दिवसभर तोंडात!"

उरलं लोखंड. पावणेआठ पट.

"आजोबा, माळ्यावर ती वजनं आहेत ना?"

मी ऐकलं नाहीसं केलं. ती वजनं माझ्या वडिलांची. त्यांचं किराणा दुकान होतं. १९६२ साली मेट्रिक वजनं सक्तीची झाली, तेव्हा त्यांनी शेर, अच्छेर, पावशेर पुसून, धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले. म्हणाले, "खोटी नाहीत ही. नुसती रद्द झालीत." तेव्हापासून घराला तीनदा रंग झाला, गाठोडं हललं नाही.

शेवटी मी पावशेर काढला. आजच्या हिशेबात साधारण २३३ ग्रॅम. गलबतात ठेवला आणि काय सांगू, ते कुळाचार असल्यासारखं ताठ उभं राहिलं.

"चिकटवू या," नातू म्हणाला. पण वडिलांच्या वजनाला डिंक फासणं मला जमेना. म्हटलं, "राहील तसाच."

संध्याकाळी कुंडलिकेवर गेलो. मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला वीज करून आमच्या नदीत उतरतं, त्यामुळे मे महिन्यातही तिला पाणी असतं. गलबत वीस हात झकास गेलं. मग वारा आला, पावशेर घसरला, आणि एक 'डुब्' झालं. गलबत रिकामं होऊन मजेत तरंगत राहिलं, आडवं.

पोहता येतं हे कबूल केलेलं होतंच. छातीभर पाण्यात अर्धा तास पायांनी चाचपडलो. हाताला दोन गोटे आणि एक चप्पल लागली. काठावर जमलेल्यांपैकी एकाने आपुलकीने विचारलं, "काका, काय पडलं? अंगठी?" "पावशेर" म्हटल्यावर तो जरा लांब सरकला.

घरी कुणी बोललं नाही. नातू जेवलासुद्धा मुकाट्याने. सकाळी उठून बघतो तर सौ. शिडीवर. तिने गाठोड्यातून दोन नवटाक काढले. (नवटाक म्हटल्यावर कान टवकारणारे वेगळे, हे लोखंडी.) एक पुढे, एक मागे ठेवला आणि एम-सीलची कांडी माझ्या हातात दिली.

"दोन मिळून पावशेरच होतो," ती म्हणाली. "आणि या वेळी चिकटवा."

चिकटवले. गलबत आष्टमीच्या बाजूला तोंड करून सरळ निघालं, दोरी नातवाच्या हातात. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आजोबा, तो पावशेर आता काय करत असेल?"

"मासे तोलत असेल."

"तराजूशिवाय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "दोरी सैल सोड, वारा आलाय."