सातबाऱ्याबाहेरची नोंद

जमिनीच्या व्यवहारांत आपण कागदाला फार मानतों. सातबारा पाहिला, वकिलानें तीस वर्षांचा शोध घेतला, बोजा नाहीं असें ठरलें, कीं जमीन निर्मळ झाली! आमचीहि समजूत हीच होती.

आमच्या वडिलांनीं रस्त्याकडेचा एक तुकडा पूर्वीं पेट्रोल-पंपास भाड्यानें दिला होता. पुढें पंप उठला, यंत्रें गेलीं, वर गवत वाढलें. गेल्या वर्षीं एक तरुण जोडपें तेथें घर बांधण्याच्या इराद्यानें आलें. कागद चोख होते, भाव ठरला. बोलतां बोलतां त्या बाईंनीं विचारलें, "विहीर खणली तर पाणी गोड लागेल ना?" आम्ही "हो" म्हणालों, आणि त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं. जमिनींतल्या लोखंडी टाक्या काढल्या कीं तशाच राहिल्या, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक करून घेण्याची इच्छाहि नव्हती, हें अधिक खरें.

अमेरिकेंतील नायगरा धबधब्याजवळच्या लव्ह कॅनॉलची हकीकत तेव्हां आठवली. तेथील एका अर्धवट कालव्यांत हूकर कंपनीनें १९४२ ते १९५३ या काळांत सुमारें २१,००० टन रासायनिक टाकाऊ माल पुरला आणि १९५३ सालीं ती जागा शाळामंडळास एका डॉलरला विकली. खरेदीखतांत त्या रसायनांचा उल्लेख होता. तरीहि तेथें शाळा उभी राहिली, भोंवतीं घरें झालीं. १९७८ सालीं शेकडों कुटुंबांना तीं सोडावीं लागलीं. १९८० सालच्या कायद्यानें सफाईचा भार जागेच्या विद्यमान मालकावरहि पडूं लागला, आणि खरेदीपूर्वीं जमिनीचीच चौकशी करण्याचा प्रघात तेथें रूढ झाला.

चौकशीची रीत साधी आहे. पहिल्या पायरीस कुदळ लागत नाहीं. जुने नकाशे, विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें व परवाने पाहावयाचे, जागा पायीं फिरावयाची, जुन्या माणसांस विचारावयाचें. संशय आला, तरच भोंकें पाडून माती व पाणी प्रयोगशाळेंत धाडावयाचें. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यानें भूजलावर तरंगतें; पण त्यांतील बेन्झीन पाण्यांत विरघळून प्रवाहाबरोबर दूरच्या विहिरीपर्यंत जाऊं शकतें. त्यानें रक्ताचा कर्करोग होतो, हें सिद्ध झालेलें आहे.

आम्हीं तपासनीस बोलावले. त्यांनीं प्रथम पंपावरच्या एका वृद्ध नोकरास गांठलें. तो म्हणाला, "टाक्या दोन होत्या, साहेब, काढली एकच." मग जी माती वर आली, तिचा वास ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नव्हती.

अहवाल आम्हीं त्या जोडप्याच्या हातीं दिला. व्यवहार मोडला. टाकी निघाली, दूषित माती उपसण्याचें काम अद्याप चालूं आहे, आणि खर्च ठरलेल्या भावाच्या निम्म्यावर गेला आहे. नातलग आम्हांस भोळे म्हणतात. म्हणोत बापडे! त्या पंपाच्या भाड्यावर आमचें शिक्षण झालें. तेव्हां त्याची माती दुसऱ्याच्या पदरांत घालणें आम्हांस जमलें नाहीं.