माझी जाऊ आणि तिचं हृदय



दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय बावन्न. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि अवयवदानाबद्दल विचारलं. बाहेर बाकड्यावर घरचे पुरुष बोलत होते. कुणीतरी म्हणालं, "बाईचं हृदय लहान असतं, पुरुषाला टिकत नाही. उगाच चिरफाड कशाला?" मी तिथेच होते. गप्प बसले. सूर्यास्ताच्या आत नकार कळवून झाला.

ते वाक्य मनातून जाईना, म्हणून वाचायला बसले. ते पूर्ण खोटं नाही. बाईचं हृदय पुरुषाला बसवलं, तर निकाल थोडे कमी चांगले येतात, असं जुन्या नोंदी सांगतात. पण मी कॉमर्सची. नुसती बेरीज बघून ताळेबंद कळत नाही, खातं उघडावं लागतं. खात्यात कारण दिसतं ते मापाचं. धिप्पाड माणसाला लहान हृदय दिलं तर त्याच्यावर ताण येतो. आता वय, उंची, वजन आणि स्त्री-पुरुष यांवरून दोघांच्याही हृदयाच्या वजनाचा अंदाज काढतात. तो जुळला की हा फरक बराचसा मिटतो. शिवाय बारीक चणीची बाई किंवा वाढत्या वयाचा मुलगाही यादीत असतो की!

उलट बाजूही आहे. बाळंतपणांमुळे आपल्या रक्तात कधीकधी अशी प्रतिद्रव्यं तयार होतात, की आपल्यालाच जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं.

जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण 3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये झालं. हृदय डेनिस डार्व्हाल या पंचविशीतल्या मुलीचं, होकार तिच्या वडिलांचा. ते मिळालेले लुई वॉशकान्स्की 18 दिवस जगले. ते गेले न्यूमोनियाने. आणि 3 ऑगस्ट 2015 ला पुण्यातल्या 42 वर्षांच्या बाईचं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बदलापूरच्या तरुण मुलाला बसवलं. बाईचंच हृदय, पुरुषालाच.

कोणाचं हृदय कोणाला चालेल हे डॉक्टर ठरवतात. बाकड्यावर बसून आपण ठरवायचं नसतं. आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. त्या दिवशी यातलं एक माझ्यासमोर उभं होतं.

मागच्या महिन्यात मी अवयवदानाचा फॉर्म भरला. पण फॉर्म भरला तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात. म्हणून हर्सूल तलावाकडे फिरायला गेलो तेव्हा यांना आणि दोन्ही मुलांना स्पष्ट सांगितलं, "डॉक्टरांनी विचारलं तर हो म्हणा. लहान-मोठं ते बघतील." हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझाही फॉर्म आण."

तुम्हीही घरी बोलून ठेवा. मी गप्प बसले होते, तसं बसू नका.