यादीतलं एक नाव

मी आदिलाबाद जिल्ह्यातला. बेला मंडल, पैनगंगेच्या अलीकडचं एक गाव. कॉलेजात ‘तेलंगणातून आलोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग मराठी कशी काय येते?’ घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वरून थोडी हिंदी, असं आमचं आहे. क्रिकेट मात्र तिन्ही भाषांत एकदम चालतं. अपील तेलुगूत, भांडण मराठीत, कॉमेंट्री हिंदीत.

तीन वर्षांपूर्वी, इंटरच्या दुसऱ्या वर्षाला असताना, संक्रांतीच्या टूर्नामेंटसाठी मी आमच्या गावाची यादी लिहिली होती. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे. त्या यादीतलं एक नाव मी कापलं. ते माझ्या चुलतभावाचं होतं.

दादा आमचा शेवटच्या ओव्हरचा बोलर. तेरा वर्षं गावाकडून खेळला. सुरुवातीला त्याला कोणी बॉल देत नसे, कारण पळत यायचा फार हळू. पण सामना अडला, सहा बॉलमध्ये दहा-बारा रन वाचवायचे असले की सगळे त्याच्याकडे बघायचे. टेनिस बॉलचा यॉर्कर तो असा टाकायचा की बॅट खाली यायच्या आत बॉल बुंध्यात. वय तेव्हा चौतीस. गुडघा दुखायचा, फिल्डिंग जमेना, म्हणून तो मिड-ऑफला उभा राहायचा आणि बाकीच्यांना बोलिंग सांगत राहायचा.

टूर्नामेंटचा नियम असा होता की पंधरा जणांची यादी आणि सगळ्यांच्या आधार कार्डांची झेरॉक्स रविवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची. बाहेरगावचे दोन खेळाडू चालतील. रविवारी दुपारी शेजारच्या गावच्या कॅप्टनचा फोन आला. त्यांची टीम त्या साली जोरात होती, फक्त शेवटची ओव्हर टाकणारा कोणी नव्हता. तो म्हणाला, ‘तुमचा लास्ट ओव्हरवाला आम्हाले द्या, आमचे दोन पोट्टे तुम्ही घ्या.’ एक डावखुरा, दहावीतला, वेगात टाकणारा. दुसरा इंटर पहिल्या वर्षाचा, लांब मारणारा. त्यांच्याकडे दोघांनाही जागा नव्हती.

आमचा कॅप्टन घुटमळला. मीच त्याला पटवलं. म्हटलं, यंदा आपण काही जिंकत नाही. आपल्याकडे वाचवायला रनच नसतात, मग शेवटची ओव्हर घेऊन करायचं काय? दादा अजून एक साल खेळेल, फार तर दोन. हे पोट्टे दहा वर्षं खेळतील. हिशोब बरोबर होता. साडेपाचला मी नाव कापलं आणि खाली दोन नावं लिहिली.

दादा त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या मार्केट यार्डात नंबर लावून बसला होता. फोन लागत होता. मी लावला नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात हॉस्टेलवर आम्ही ‘मनीबॉल’ हा सिनेमा पाहिला. अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल टीमची 2002 सालची गोष्ट. त्यात जनरल मॅनेजर बिली बीन एकामागून एक फोन फिरवतो आणि क्लीव्हलंडचा डावखुरा रिलीफ पिचर रिकार्डो रिंकॉन आपल्याकडे ओढतो. बाकीचे त्या चलाखीवर हसत होते. मला आमचा रविवार दिसत होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. एक जण सामना सुरू करतो, तो थकला की शेवटी येतात ते रिलीफ पिचर. आपल्या डेथ ओव्हरच्या बोलरसारखं काम. थोडा वेळ यायचं आणि हातातला सामना सुटू द्यायचा नाही. तिथे साधारण जुलैच्या शेवटी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. तोवर कोण जिंकायच्या शर्यतीत आहे आणि कोण नाही, हे कळलेलं असतं. मागे पडलेली टीम आपला हा शेवटचा माणूस पुढच्या टीमला देते आणि बदल्यात कोवळी पोरं घेते, अजून वरच्या पातळीवर न खेळलेली. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. एकाला आजचा सामना हवा असतो, दुसऱ्याला पाच वर्षांनंतरचा.

यात सगळ्यात गाजलेला सौदा 2016 सालचा. न्यूयॉर्क यांकीजकडे आरोल्डिस चॅपमन आणि अँड्र्यू मिलर असे दोन जबरदस्त रिलीफ पिचर होते, पण टीम मागे होती. 25 जुलैला त्यांनी चॅपमन शिकागो कब्जला दिला आणि चार खेळाडू घेतले. त्यातला एक होता 19 वर्षांचा ग्लेबर टोरेस. 31 जुलैला मिलर क्लीव्हलंडला गेला, त्याच्याही बदल्यात चार जण. गंमत अशी की वर्ल्ड सिरीजची अंतिम लढत शिकागो आणि क्लीव्हलंडमध्येच झाली. दोघे विकलेले पिचर समोरासमोर. निर्णायक सामन्यात चॅपमनला बरोबरीचा होमरन बसला, तरी शिकागो जिंकलं, 1908 नंतर पहिल्यांदा. इकडे टोरेस 2018 आणि 2019 मध्ये ऑल-स्टार झाला. मिलरच्या बदल्यात आलेला क्लिंट फ्रेझर, ज्याच्यावर मोठी आशा होती, तो मात्र फारसा चमकला नाही. आणि चॅपमन? त्याचा करार संपला आणि डिसेंबरात तो परत यांकीजकडेच आला, पाच वर्षांसाठी 8 कोटी 60 लाख डॉलरला.

आपल्याकडेही हे होतंच. 14 नोव्हेंबर 2019 ला राजस्थान रॉयल्सने अजिंक्य रहाणेला दिल्ली कॅपिटल्सकडे दिलं. डोंबिवलीत वाढलेला आपला रहाणे 2011 मध्ये राजस्थानकडे आला होता, कॅप्टनही झाला होता. बदल्यात दिल्लीकडून आले मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया. पुढच्या सीझनला 27 सप्टेंबर 2020 ला शारजात तेवतियाने कॉट्रेलच्या एका ओव्हरमध्ये पाच सिक्स मारले आणि राजस्थानने पंजाबविरुद्ध 224 चं टार्गेट गाठलं. रहाणे त्या सीझनला बरेच सामने बाहेर बसून होता. सौदा कोणाच्या फायद्याचा, हे त्या रात्री कोणीही सांगितलं असतं. पण चार महिन्यांनी, 19 जानेवारी 2021 ला, ब्रिस्बेनला भारताने ऑस्ट्रेलियाला हरवून मालिका जिंकली तेव्हा कॅप्टन रहाणेच होता. सौद्यात माणूस जेवढा मोजला जातो, तेवढाच तो असतो असं नाही.

आमच्या सौद्याचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्याच सामन्यात आम्हाला शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ रन वाचवायचे होते. म्हणजे ‘वाचवायला रनच नसतात’ हे माझं म्हणणं तिथेच खोटं पडलं. कॅप्टनने बॉल त्या डावखुऱ्या पोट्ट्याकडे दिला. पहिले दोन बॉल वाइड. पोराने मान वर करून मिड-ऑफकडे पाहिलं. तिथे मी उभा होतो. मला सांगायला काही येत नव्हतं. ‘टाक, टाक, काही नाही होत,’ एवढंच म्हटलं. चार बॉलमध्ये सामना संपला. तिकडे दादाने पिवळा टी-शर्ट घालून दुसऱ्या गावाला सेमीफायनलपर्यंत नेलं.

रात्री घरी आबाजींनी विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं. ते बैलावर आले, त्यांचं सगळं बोलणं शेवटी बैलावर येतं. म्हणाले, एका साली त्यांनी म्हातारा बैल बाजारात काढला आणि दोन गोऱ्हे आणले. दिसायला देखणे, पण वखराला जुंपले की एक इकडे ओढे, एक तिकडे. गोऱ्ह्याला नेहमी जुन्या बैलाबरोबर जुंपतात, तो तासात चालला की गोऱ्हाही चालतो. शेवटी शेजाऱ्याचा म्हातारा बैल पंधरा दिवस मागून आणावा लागला. ‘इकला तोच बरा होता तं,’ आबाजी म्हणाले आणि झोपायला गेले.

पण एवढ्यावर मला सुटका नाही. कारण आज तो डावखुरा पोट्टा आमचा सगळ्यात चांगला बोलर आहे. हिशोब म्हणून माझा सौदा बरोबरच निघाला. तरी तो आठवला की पोटात काहीतरी हलतं, ते का, हे मला सिनेमानंतर वाचत बसलो तेव्हा कळलं.

1969 मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं तो त्या टीमकडून खेळला होता. तो जायला नाही म्हणाला. वाटेल तेव्हा विकायला आपण मालमत्ता नाही, असं त्याने बेसबॉलच्या प्रमुखाला लेखी कळवलं आणि कोर्टात गेला. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टात हरला, त्याची खेळातली कारकीर्दही जवळपास तिथेच संपली. पण त्यानंतर लगेच नियम आला. ज्याची वरच्या पातळीवर दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे, त्याला विचारल्याशिवाय देता येणार नाही. 1973 मध्ये शिकागोच्या रॉन सँटोने हा हक्क पहिल्यांदा वापरला. आयपीएलमध्येही खेळाडूची संमती घेतल्याशिवाय ट्रेड होत नाही.

बारा वर्षं. दादाची तेरा होती. कोट्यवधीचे सौदे करणारेसुद्धा माणसाला विचारतात. आणि मी? ज्याने मला अंगणात बॉल धरायला शिकवलं, त्याला एक फोन केला नाही. मी विसरलो असंही नाही. त्याचा आवाज ऐकला असता तर मला नाव कापता आलं नसतं, म्हणून नाही केला.

दादाला ते कळलं समोरच्या कॅप्टनकडून, ‘अन्ना, उद्या सात वाजता ग्राउंडवर या’ असा फोन आला तेव्हा. मोठीआई सांगते, तो बराच वेळ फोनकडे बघत बसला होता. माझ्याशी तो भांडला नाही. टूर्नामेंट संपल्यावर एकदाच बोलला, ‘बाबू, मले एक डाव इचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, घे बाप्पा पोट्टे. तू इचारलंच नाही.’ त्यानंतर तो दोन साल ग्राउंडवर आला नाही.

यंदा संक्रांतीला गावी गेलो तेव्हा यादी पुन्हा माझ्याकडे आली. चौदा नावं लिहून झाल्यावर कागद तसाच घेऊन शेतात गेलो. दादा शेवटची वेचणी उरकत होता. कंबरेला कापसाची ओटी. मी म्हटलं, ‘दादा, मागच्या वेळी चुकलं. यंदा खेळतोस का?’

तो काही वेळ वेचतच राहिला. मग म्हणाला, ‘गुडघा नाही म्हणते.’

मी कागदाची घडी घालायला लागलो.

‘मिड-ऑफले कोण उभं राहते आता?’ त्याने विचारलं.

‘मीच.’

‘तू?’ तो हसला. ‘मंग लिही. पंधरावं लिही.’

मी तिथेच, मांडीवर कागद ठेवून, त्याचं पूर्ण नाव लिहिलं. आधार कार्डाची झेरॉक्स मोठीआईने दिली.